चिकटपट्टीच्या नावापुढे शून्य

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (बास्केटबॉलच्या मैदानावर तो मला रोजच घडतो, त्यातला एक तुझा समज.) तब्येत कशी आहे? काकांचा खोकला आणि स्वभाव, दोन्ही जरा नरमले असतील. माझं म्हणशील तर डोकं फुटायचं तेवढं बाकी आहे.

आमच्या पाणीपुरवठा कचेरीच्या संघाची मी कप्तान, हे तू चारचौघींत सांगत असतेसच. संघात मीटर विभागातली एक मुलगी आहे, तिला आम्ही चिकटपट्टी म्हणतो. ती बास्केट करत नाही, चेंडू हिसकावत नाही. समोरच्या संघातली सगळ्यात धोकादायक बाई हेरते आणि तिला जी चिकटते (अंगाला हात न लावता, बरं का!) की त्या बाईकडे चेंडूच येत नाही. आता जे घडलंच नाही ते कागदावर मांडायचं कसं? निवड समितीवर आमचे हिशेबनीस साहेब. म्हणाले, "हिच्या नावापुढे सगळीकडे शून्य. हिला ठेवायचं कशाला?" मी म्हटलं, साहेब, जो पाइप फुटला नाही त्याची कुणी नोंद करतं का? तर म्हणे, "नाही फुटला, म्हणजे पाइपच चांगला."

म्हटलं, आता प्रत्यक्षच दाखवते. इस्पितळाच्या संघाशी सामना होता. त्यांची एक दातांची डॉक्टर लांबून अचूक नेम मारते. पूर्वार्धात मी चिकटपट्टीला मुद्दाम बाकावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी भूल न देता आमचे सगळ्यांचे दात उपटले. मी साहेबांकडे पाहिलं. "आज तिचा हात बसलाय," साहेब म्हणाले. उत्तरार्धात चिकटपट्टी उतरली. बाईंचा एक नेम लागेना. शेवटी शेवटी तर त्या चेंडू मागायचंच विसरल्या. मी पुन्हा साहेबांकडे पाहिलं. "दमली बिचारी!" मावशी, त्या क्षणी माझ्या हातात चेंडू होता आणि समोर साहेबांचं टक्कल. घरचे संस्कार आडवे आले.

थोडक्यात हरलो, आणि खापर फुटलं चिकटपट्टीवर. "ही खेळूनही हरलोच ना?" म्हणून तिला काढलं. म्हणजे तिला वाचवायचा माझा खटाटोप तिच्याच अंगाशी आला. तिने बूट पिशवीत कोंबले, माझीच पाठ थोपटली आणि गेली. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

काकांना नमस्कार.

तुझी वैतागलेली भाची

ता. क. : सामना संपल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या होत्या. "ती कोण?" एवढंच विचारलं. बाहेरची एक खेळाडू घ्यायला नियमाने परवानगी आहे म्हणे. त्यांनी तिलाच घेतली!

ता. क. २ : रविवारी पुन्हा इस्पितळाशीच गाठ आहे. चिकटपट्टीचा निरोप आलाय, "ताई, मी तुमच्यावरच असणार." मावशी, तू हाडांची डॉक्टर. माझा गुडघा दुखतोय, असा दाखला ताबडतोब पाठव. कोणता ते तूच ठरव, मला दोन्ही चालतील.