दुसऱ्या बोटातलं जोडवं

आई,

आज सकाळी पायाची नखं काढायला बसले. आता वाकणं होत नाही, पाय पाटावर घ्यावा लागतो. बघते तर काय, हुबेहूब तुझा पाय! अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब, टाचेला त्याच भेगा, करंगळीखाली तेच कुरूप. असलं बोट असलेली बाई नवऱ्याला धाकात ठेवते म्हणून आळीतल्या बायका तुला चिडवायच्या. तू म्हणायचीस, "ठेवते तर! उगाच का दिवसभर ठोकत बसलेत?" आमची तांबटांची आळी, हातोड्यांच्या ठणठणाटात माणसाला माणसाचं ऐकू यायचं नाही, पण हे मात्र बाबांना बरोबर ऐकू जायचं आणि ते गालात हसायचे.

त्याच बोटातलं जोडवं एकदा नदीवर धुणं धुताना निसटून वाहून गेलं. केवढा आकांत केलास तू! नवरा धडधाकट असताना जोडवं गेलं म्हणून दोन दिवस अन्नाला शिवली नाहीस. मग बाबांनी चांदीचा नवा जोड आणला, चांगला जाडजूड. तुझा पाय ऐरणीशी टेकवून त्यांनी जोडव्यांची उघडी टोकं एकमेकांवर ठोकून पक्की बसवली. पाय हलू नये म्हणून मी घट्ट धरला होता. "आता जन्मात निघायची नाहीत," बाबा म्हणाले. तू लाजलीस. किती खूश होतो गं आपण तिघं त्या दिवशी.

त्याच श्रावणात बाबांच्या कामाची जागा झाडताना तांब्याची एक कातरण तुझ्या त्या बोटाच्या बेचक्यात घुसली. हळद दाबलीस आणि कुणाला बोलली नाहीस. ही तुझी खोडच होती. चौथ्या दिवशी बोट वांग्यासारखं सुजलं आणि जोडवं मांसात दिसेनासं झालं. तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतःचा जोडा काढून बाबांना आपल्याच बोटावर दाखवलं. म्हणाले, इथे तीन बारकी हाडं आहेत, दोन्ही कडांनी दोऱ्याएवढ्या शिरा वर जातात, त्या या कड्यानं आवळल्यात. हे कडं आजच्या आज कापा. बोट राहील न राहील, बाई तरी राहील. लढाईच्या आधीचे दिवस ते, पिकलेल्या जखमेवर आतासारखी इंजेक्शनं नव्हती.

बाबांनी पत्रा कापायची कातर आणली. तू पाय पोटाशी ओढून घेतलास. "हात लावाल तर माझी शपथ आहे! तुम्ही जिवंत असताना मी जोडवं कापू देऊ? जोडवं निघालं की तुमचं काही खरं नाही." शपथ म्हटल्यावर बाबांचा हात गळालाच. त्यांनी मला बाजूला नेऊन कातर माझ्याकडे दिली. "तू पोर आहेस, तुझ्याकडून घेईल कापून. तिचं मन वळलं की लगेच काप," एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले. आळीतले सगळे हातोडे चालू होते, आमचा तेवढा बंद.

दुसऱ्या दिवशीची दुपार. बोट काळं पडलंय, खोलीत वास भरलाय. मी बारा वर्षांची, तुझ्या पायाशी बसून माश्या वारतेय. तू डोळे उघडतेस. "काप बाई. नाही सोसवत आता. होईल ते होवो, काप." कातर माझ्या हातात आहे. बाहेर बाबा खोकतात. तुझंच ऐकून ऐकून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हे तुटलं की बाबा गेले. तू मरशील असं मला वाटलंच नव्हतं, आई. आई कुठे बोटानं मरते का? मी कातर गोधडीखाली सारली.

तिसऱ्या दिवशी तू गेलीस. अहेवपणी गेली, भाग्याची, असं म्हणत बायकांनी तुझी ओटी भरली आणि त्या काळ्या बोटाला हळदकुंकू लावलं. मी बाबांना सांगितलं, आई शेवटपर्यंत नाहीच म्हणाली. ते पुढे बावीस वर्षं जगले. दर श्राद्धाला पान वाढलं की म्हणायचे, "हट्टी होती गं." मी मान हलवायचे. माझी स्वतःची जोडवी मी उघड्या तोंडाची घेतली, रोज आंघोळीला काढून ठेवायचे. सासूबाई फार बोलायच्या. बोलू देत.

हा कागद पाठवायचा तरी कुठे? आणि त्या दुपारचं अजून सगळं सांगितलेलंच नाही. कातर लपवून मी तुला म्हणाले, "बाबा नको म्हणतात." तू म्हणालीस, "बरं. ते नको म्हणतात तर राहू दे." आणि पाय पांघरुणात घेतलास.

आई, ते नको म्हणाले नव्हते गं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.