तुमच्या गुडघ्याचं टोपडं

धाराशिव,
आषाढ, बुधवार

तीर्थरूप इरम्मा वन्संना धाकट्या भावजयीचा, महानंदाचा, वाकून शरणार्थ.

तुमचे गुडघे, तुमची साखर आणि गोठ्यातली म्हैस, तिघांचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. (म्हशीचं मनापासून विचारते. ती चारचौघींत काही बोलत नाही.) फोन करायचा सोडून कागद खरडते, कारण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही आणि आज माझ्याकडं बरीच वाक्यं आहेत.

येत्या सोमवारी तुम्ही कुणी जाणती बाई घेऊन येणार, घरातली लोकर जाळणार आणि माझ्या सुनेच्या, शिवप्रियाच्या, दंडाला दोरा बांधणार, असं कळलं. एका धाग्यानं घात केला म्हणता आणि उतारा म्हणून दुसरा धागाच आणता! तेव्हा तिकीट काढायच्या आधी विणणाऱ्या बायांबद्दलचे चार गैरसमज दूर झालेले बरे.

विणणारी बाई रिकामटेकडी असते, हे तुमचं जुनं मत. वन्सं, गेल्या वर्षी सकाळी माझी बोटं अशी आखडायची की पोलक्याचं बटण लावायला नवऱ्याला हाक मारावी लागे. (तीस वर्षांत त्यांना एवढं काम कधी पडलं नव्हतं.) डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. शेजारच्या सारजाबाईंचे मालक फौजेत होते, त्या तिकडं थंडीच्या मुलखात विणायला शिकलेल्या. त्यांनी सुया दिल्या, सुलट-उलट टाका शिकवला आणि दोन महिन्यांत मी पुन्हा भाकरी थापायला लागले. शिवाय टाके मोजताना तोंड बंद ठेवावं लागतं, त्याचा फायदा सगळ्या घराला झाला. रक्तदाब उतरला. माझाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "काकू, उन्हाळ्याचं ह्ये लोकरीचं कशाला? कुनाचं डोकं तापायचं ऱ्हायलंय व्हय?" मी म्हणायची, "माझं. थांबा जरा, टाका चुकला."

आणि विणणारी बाई मनानं मऊ असते, हा गैरसमज हे पत्र वाचताना तुमचा तुम्हीच दूर कराल.

आता मुद्द्याचं. चैत्रात येरमाळ्याची यात्रा करून परत जाताना तुम्ही आमच्याकडं उतरलात. मी पिवळ्या लोकरीची एक नळी विणत होते. तुम्ही दारात दिसलात तशी ती पदराखाली सारली. का? तर ती तुमच्यासाठी होती. तुमच्या गुडघ्यासाठी. माझा वेग बघता उजवा गुडघा दसऱ्याला आणि डावा संक्रांतीला झाकला गेला असता, आणि मला तुम्हाला चकित करायचं होतं. पण तुम्ही पदर ओढलात आणि म्हणालात, "झाकू नगं, महानंदे. कळलं मला. कितवा लागला सूनबाईला?" दोन्हीकडून उघडं टोपडं कुठल्या बाळाला घालतात, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. शिवप्रिया लाजली, तेवढा पुरावा तुम्हाला पुरला. एसटी तुळजापूरला पोचायच्या आत अर्ध्या तालुक्याला मी आजी होणार हे कळलं. मला सोडून.

आणि दैवाची चेष्टा बघा, ते खरं होतं. तिचे दिवस नुकतेच चुकले होते. ती आणि आमचा नंदीश, दोघा नवराबायकोलाच माहीत होतं.

ज्येष्ठात, तिसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, गर्भ मुळातच नीट धरला नव्हता, यात कुणाची चूक नाही. आम्ही ते ऐकलं, घरी आलो. मग तुम्ही भेटायला आलात. माझ्याच ओट्यावर, अकरा बायांत बसून, माझ्याच कपातला चहा पीत म्हणालात, "मूल हातात यायच्या आधी त्याचं कापड करूं न्हाय, ह्ये शेंबड्या पोरीला बी कळतं. आजीनंच सुई टोचली म्हणायची." शिवप्रिया खारी घेऊन दारात उभी होती. तिनं बशी ठेवली आणि आत गेली. अजून आतच आहे म्हटलं तरी चालेल.

तिचं म्हणणं असं: पिवळी लोकर पाहून तिला वाटलं, आईंना आपोआप कळलं, म्हणून ती मनात खुश होती. "मी तोंड उघडलं असतं तर आईंनी सुया खाली ठेवल्या असत्या. मी गप राहिले, म्हणून गेलं." दोन घास खाते, ताट सरकवते. परवा नंदीशला म्हणाली, मला माहेरी सोडा, दुसरी बघा. सव्वीस वर्षांची पोर, वन्सं. आणि हे सगळं तुमच्या एका गुडघ्यापायी.

माझं विणकाम मात्र चालूच आहे आणि चालूच राहील. कुणाच्या बोलण्यानं टाका सोडणारी मी नव्हे.

तुमची,
महानंदा

ता. क. : सोमवारी या. जाणतीला आणू नका. एकट्या या आणि शिवप्रियाजवळ बसून एवढंच सांगा, की तुमच्या सिद्धेश्वरच्या आधी तुमचेही दोन पोटातच गेले होते. सासूबाई जाताना मला सांगून गेल्या, मी आजवर कुठं बोलले नाही. तेव्हा तुमच्या घरात लोकर सोडा, शिवायची सुईसुद्धा शेजारून आणावी लागे. मग ते दोन कुणी टोचले?

आणखी एक : हे मीच तिला सांगितलं असतं, पण माझ्यावर तिचा विश्वास राहिला नाही. दवाखान्यातून आलो त्याच दुपारी, तुम्ही यायच्या चार दिवस आधी, मी सुया, लोकर, तुमची नळी, सगळं पोत्यात बांधून माळ्यावर फेकलं. विणकाम चालू आहे असं वर लिहिलं, ते खोटं. तेव्हा मला कुणीही काही बोललेलं नव्हतं, दोष माझा मीच लोकरीला दिला. शिडीवरून उतरले तेव्हा शिवप्रिया खाली उभी होती. तुमचं बोलणं तिनं कदाचित सोडूनही दिलं असतं. तिनं मला पाहिलं. वन्सं, सकाळची गाडी धरा.