जसं बोलले, तसंच

६ जानेवारी २००३
नापास! चौदा जणांत मी एकटी! आणि वर्गात सगळ्यात चांगलं कन्नड कुणाचं? माझंच की!

दवाखान्यानं दुभाषी तयार करायला हंबीरराव सर आणलेत. कोर्टात तीस वर्षं हेच काम केलेलं. नियम एकच — पेशंट बोलला ते तसंच्या तसं. तो 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. आज सरावात सर डॉक्टर झाले, वर्गातली सौंदर्या पेशंट. कन्नडमधून म्हणाली, "डॉक्टर, मी मरणार काय?" माझी जीभच उचलेना. स्वतःच्या तोंडानं असलं अभद्र? आमच्या गडहिंग्लजच्या घरात बाहेर पडतानाही 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात! मी आपलं म्हटलं, "बाई जरा घाबरल्यात."

सर कडाडले, "तिनं जीव मुठीत धरून इचारलं, आन् तू मधल्यामधी गिळलंस व्हय गं?"

७ जानेवारी
सरांचा राग आला. मग स्वतःचा. वडिलांच्या, अप्पांच्या शेवटच्या आजारात हेच केलं होतं. डॉक्टर मराठीत म्हणाले, दोन महिने. मी अप्पांना कन्नडमधून सांगितलं — गोळ्यांनी बरं वाटेल. आईला, अव्वालाही अजून खरं सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी
आरशासमोर सराव. "मी मरणार काय?" दोन्ही भाषांत, वीस वेळा. अव्वा पिठाच्या हातानंच धावत आली! "अगं अव्वा, अभ्यास आहे!"

३१ जानेवारी
जिंकले!! परीक्षेला खरा पेशंट. सीमेपलीकडचे बसाप्पा, साठीचे. त्यांनी तेच विचारलं. मी म्हटलं — खणखणीत — "डॉक्टर, मी मरणार काय? खरं सांगा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, थेट त्यांच्याकडे पाहिलं. "ऑपरेशन केलं तर आशा चांगली. नाही केलं तर वर्षभर." तेही सांगितलं, एक शब्द न गाळता.

बसाप्पा सरसावून बसले. मग म्हणाले, "करा की मग! तीन दवाखाने फिरलो, सगळे नुसते 'बरं होईल' म्हणायचे."

हंबीरराव सरांनी टेबलावर थाप मारली. "पहिला नंबर! सोमवारपासून कामावर यायचं!" आख्ख्या वर्गाला पेढे!

१ फेब्रुवारी
अव्वाला सगळं सांगितलं. अप्पांचंही. खूप रडले. ती म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गं. वॉर्डातल्या कन्नड आयाबाईकडून विचारून घेतलं होतं. मला म्हणाले, पोरीला कळू देऊ नको — माझ्यासाठी किती जीव तोडून खोटं बोलतेय."