सोडलेल्या पुस्तकांची वही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, माध्यमिक शाळेची निवृत्त ग्रंथपाल, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास थोरल्या वहिनींना विचारावे, कालच त्यांना पत्त्यांत हरवले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे सगळे माझ्याआधीच निवृत्त झाले.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची गॅलरी, धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच. वहिनी म्हणतील, "आणि माझ्या मुलाला काय?" त्यांच्या मुलाकडे माझी सात पुस्तके बावीस वर्षांपासून आहेत. ती आता त्याचीच समजावीत.

२. बँकेतील ठेव शाळेच्या ग्रंथालयाला. व्याजातून दरवर्षी नवी पुस्तके घ्यावीत. निवड मुलांनी करावी. शिक्षकांनी सुचवावे, हट्ट धरू नये. भुताच्या, मारामारीच्या, प्रेमाच्या गोष्टींवर कोणी नाक मुरडू नये. चौदाव्या वर्षी आधी चटक लागू द्यावी. अभिरुची मागून येते, तिला कोणी बोट धरून आणावे लागत नाही.

३. पुस्तके शिवायचा दाभण शाळेच्या जुन्या शिपायाला द्यायचा होता. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, म्हणून वकील "चालणार नाही" म्हणाले. तेव्हा दाभण परवाच देऊन टाकला. तो घेताना म्हणाला, "बाई, तुमचा टाका म्हणजे गोणपाट शिवल्यासारखा." खरे आहे. पण सुटला एकही नाही.

४. आता वही. हिच्यासाठीच खरे तर हा कागद.

मी मुलांना "पुस्तक वाचून झालं का?" असे कधी विचारले नाही. विचारले की मुले खोटे बोलतात. मी विचारायचे, "कुठल्या पानावर सोडलंस?" मग पोरे खुलायची. टेबलावर एक वही असे: पुस्तक, पान, कारण. नाव नाही, फक्त इयत्ता. 'नायक फार शहाणा आहे, आमच्या दादासारखा.' 'कुत्रा मरणार असं वाटतंय.' सोडलेल्या पुस्तकाचा दंड नव्हता, उलट लगेच दुसरे मिळे. "घंटा झाली" एवढेच कारण असेल तर ते पुस्तक सोडलेले धरायचे नाही. त्या मुलासाठी बाजूला ठेवायचे, असा नियम होता.

त्या वेळच्या मुख्याध्यापकांना ग्रंथालयाच्या खोलीत जादा वर्ग भरवायचे होते. पुरावा म्हणून ते ही वहीच उचलून संस्थेच्या बैठकीत घेऊन गेले, मलाही बोलावून घेतले. "पाहा साहेब, बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. मुलं वाचतच नाहीत!"

अध्यक्ष हसत हसत मोठ्याने वाचू लागले. कुत्र्यापाशी सगळी बैठक हसली. मग ते वाचता वाचता थांबले. पुढची नोंद त्यांनी हळू आवाजात वाचली: 'पान एकसष्ट. यातले बाबा माझ्या बाबांसारखे बोलतात. पुढे वाचवत नाही. इयत्ता नववी.' मुलीचे अक्षर बापाला ओळखू येते.

"ते पुस्तक कुठंय, बाई?"

"कपाटात आहे, साहेब."

"मला द्या."

"कार्ड काढावं लागेल. दोन फोटो लागतील."

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. अध्यक्ष मात्र दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आले. आठवड्याने पुस्तक परत केले आणि त्या नोंदीखाली लिहिले: 'शेवटपर्यंत वाचले. तिचे बरोबर आहे.' खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात त्या मुलीने तेच पुस्तक मागून नेले, आणि परत देताना म्हणाली, "बाई, आता संपवलं. घरी दोघं मिळून."

ती मुलगी आज माझ्याच खुर्चीवर बसते. वहीचे एकोणीस खंड, कपाटाची किल्ली आणि तो नियम तिच्या स्वाधीन. मधल्या सुट्टीत आता तिथे उभे राहायला जागा नसते. मी स्वतः जाऊन पाहिले आहे. मलाही एका सातवीतल्या मुलीने "आजी, रांगेत या" म्हणून मागे पाठवले. इतका आनंद मला निरोप समारंभातही झाला नव्हता.

५. त्या मुख्याध्यापकांना मी माफ केले आहे. अकरा वर्षांत त्यांनी एकही पुस्तक नेले नाही. त्यांच्या नावाचे कार्ड मी तेव्हाच करून ठेवले होते. ते माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. पोचते करावे. मुदत संपलेली नाही.

६. माझ्यामागे शोकसभा नको, भाषणे तर नकोतच. माझ्या उशाशी एक पुस्तक असेल, त्यात खूण असेल. ते शाळेत न्यावे आणि वहीत नोंद करावी: पुस्तकाचे नाव, पान, आणि कारणाच्या रकान्यात "घंटा झाली". मग ते बाजूला न ठेवता जो पहिला मागेल त्याला द्यावे. त्याने माझ्या खुणेपासून पुढे वाचले तरी चालेल.

ठिकाण: शाळेचे ग्रंथालय, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नव्या वर्गांचा पहिला दिवस, मधली सुट्टी

सही: निवृत्त ग्रंथपाल

साक्षीदार, दोघांच्या समक्ष सही झाली:
(१) शाळेचा जुना शिपाई
(२) शेजारच्या डॉक्टरीणबाई. सहीनंतर त्यांनी कार्ड काढले.