निळी गाडी आणि धोंड्याचा महिना

१२ मार्च, जळगाव
म्हातारी (गाडी, आई नव्हे) आज एरंडोलच्या अलीकडे पुन्हा बसली. आठवड्यातून दोनदा धुळ्याची बातमीदारी, आणि वाहन असं की बातमीच्या आधी तेच शिळं होतं. नवी हवी. सौ.ला अटी वाचून दाखवल्या: पेट्रोल, टर्बो, गिअर हाताने टाकायचे, बुटकी, वळणावर चिकटून धावणारी, पण चार दारं, आणि डिकीत आईचा वॉकर मावला पाहिजे. आणि स्वस्त.
सौ. : "पन्नाशीत माणसं काय काय मागतात. तुम्ही गाडीच मागताय, घ्या बाई."

१९ मार्च
शोरूम. "सर, उंच घ्या, सगळे उंचच घेतात." सगळ्यांना एवढ्या उंचावरून काय बघायचंय? जळगावात आहे काय, केळीच.
एक चालवून पाहिली. डिकीत संसार मावेल. इंजिन सरकारी भाषांतरासारखं: चूक कुठे नाही, जीवही कुठे नाही. दुसरी पळते झकास, पण वॉकर ठेवला तर आईला घरी ठेवावं लागेल.

२९ मार्च, धुळे
भास्करकडे जेवलो. कॉलेजात एका खोलीत राहायचो. त्याने संस्कृत व्याकरण सोडून सिमेंटचं दुकान टाकलं, मी व्याकरण धरून बसलो. पोटाचे घेर पाहता निर्णय कोणाचा बरोबर हे उघड आहे. त्याच्याकडे निळी गाडी आहे. सहा गिअरची. हौसेने घेतलेली, पाच वर्षं पोरीसारखी जपलेली.
"मना गुडघा आता आयकत नही. खाली बसीसन उठता येत नही. इकनी शे." विकायची म्हणतोय!
चालवून पाहायला निघालो. मुकटी गावाच्या पुढे रस्ता मोकळा. तिसऱ्यात टाकली आणि दाबली. मी ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.
परतल्यावर भाव ठरला, परवडेल असा. इसार देऊ लागलो तर हात झटकला. आतून गुळाचा खडा आणला, अर्धा माझ्या तोंडात, अर्धा त्याच्या. "गाडी तुनीच शे, पंडित." गूळ खाल्ला की आमच्याकडे कागद लागत नाही.

११ एप्रिल
आईला धुळ्याला नेऊन निळीत बसवलं. "खाली आहे रे, पण मऊ आहे." वॉकर आडवा घालून डिकी लागली. आई पुढे, मी चालवतोय, देवपुरात दोन चकरा. आई काचेला हात टेकून बाहेर बघत होती. वडील गेल्यापासून ती फिरायला म्हणून कुठे गेली नव्हती.

१८ एप्रिल
बोदवडच्या डॉक्टरांचा फोन. त्यांची रुपेरी, तशीच, निळीपेक्षा कमी चाललेली, विकायची आहे. नाही म्हणालो. गूळ खाल्लाय.
म्हातारीला पाचोऱ्याचं गिऱ्हाईक आलं, देऊन टाकली. सौ. : "दुसरी दारात आल्यावर देतात हो पहिली." हसलो. निळीचे पैसे जमेपर्यंत एसटी.

२ मे, धुळे
भास्करने टायर बदलायला घेतले. "तुनी पसंतीना घाल." दुकानात तासभर हात फिरवून निवडले. पैसे त्यानेच दिले. केवढं मोठं मन!

१० मे
भास्करचा फोन. अधिक महिना येतोय. त्याच्या पल्लवीचं गेल्या वर्षी लग्न झालं, जावई पुण्याला, पहिला धोंडा. "जवाईले काय देवो? शास्तर काय सांगस?"
मला कोणी शास्त्र विचारलं की माझा नळ फुटतो. अनारसे का, जाळीदारच का, तेहतीसच का, सगळं सांगितलं. शेवटी मुद्दा: चांदीचं ताट कोणीही देतं, देताना हात आखडतो, तेच खरं दान. अधिकस्य अधिकं फलम्.
हात आखडण्याचं वाक्य त्याने पुन्हा म्हणायला लावलं. मग : "बठ्ठं समजनं."
सगळं समजलं म्हणे! चांगला विद्यार्थी, असं सौ.ला सांगितलं.

१९ मे
भास्करला विचारलं, निळी कधी आणू? तर म्हणे, अधिकात वाहन घेत नाहीत, तूच तर सांगतोस. खरंच आहे. शास्त्र माझंच. महिना संपेपर्यंत एसटी.

३१ मे, धुळे
धोंड्याचं जेवण. मला मुद्दाम बोलावलं, संकल्प सांगायला. दारात निळी, धुतलेली, झेंडूची माळ. वाटलं, मला दाखवायला...
पाटावर रोहित (जावई) आणि पल्लवी. मी आचमनं उरकून संकल्पाला लागलो. दानाची वस्तू येते तिथपर्यंत आलो, ताटाकडे पाहिलं. अनारसे, त्यावर चावी. चावीचं चामडं मी ओळखतो.
भास्कर वर बघेना.
थांबता येत नाही अशा जागी माणूस थांबत नाही. पोथीत गाडीला शब्द नव्हता, तो तिथल्या तिथे घडवला : चतुश्चक्रं यानम्. पळीतलं पाणी भास्करच्या हातावर मीच घातलं. बायका म्हणाल्या, काय सुंदर उच्चार.
नंतर ओट्यावर भास्कर, हळूच : "तूच सांगेल व्हतं ना. हात आखडस तेच देवानं."
"गूळ?"
"पोरनं सासर शे रे, पंडित."
आतून रोहितचा आवाज : "ऑटोमॅटिक नाहीये का ही?"
अधिकात घ्यायची बंदी, द्यायची नाही. हे कलम मी त्याला सांगायचं राहिलं होतं. त्याने स्वतः काढलं. पुरणाचा धोंडा ताटात तसाच ठेवला. पारोळ्यापर्यंत एसटीत उभा.

३ जून
भास्करचे फोन. घेतले नाहीत. सौ. एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. त्याचाच जास्त त्रास होतो. आई विचारते, निळी कधी येणार? सांगितलं, रंग देताहेत.
बोदवडला विचारलं. रुपेरी गेली.

८ जून
धुळ्याहून भास्करच्या घरून वहिनींचा फोन : "भाऊजी, ते गाडीच्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसतात. बोला ना एकदा." म्हटलं, बातमीची गडबड आहे. बातमी काहीच नव्हती. उन्हाने केळीचे घड वाळताहेत, एवढंच.
त्याने गाडी दिली हे सोसेन. मला तोंडाने सांगितलं नाही, वर मंत्र माझ्याकडून म्हणवून घेतले...

१६ जून
काल अधिक संपला. आज सकाळी दारात हॉर्न. रोहित, निळी घेऊन. "काका, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय गेला. पल्लवी म्हणाली, तुम्हाला हवी होती ना? पप्पांशी ठरलेल्या भावातच घ्या. फक्त त्यांना सांगू नका, वाईट वाटेल."
आई खिडकीत. "आली का रे रंगवून?"
म्हटलं, चहा घे आधी. तो बैठकीत सौ.शी बोलतोय, मी आत येऊन हे लिहितोय. चावी समोर. टायर माझ्याच पसंतीचे. उद्या धुळ्याला जायचंय आणि रस्ता निळीला पाठ आहे.
भास्करचा फोन वाजतोय. उचलला तर सांगावं लागेल. नाही उचलला, तर मीही न सांगणाऱ्यांतला.
थांबला.
बाहेर सौ. आईला वॉकर देतेय.
पुन्हा वाजतोय.