देगलूरच्या मांडवातला नमस्कार

नांदेड, १८ मे २००४

चि. श्रीपादास,
अक्काचे आशीर्वाद. राग आहे तरी देते. थोरल्या बहिणीला तेवढीही सुटका नाही.

देगलूरला काकांच्या अंबरीशच्या लग्नात सगळी धाकटी भावंडं माझ्या पाया पडली. तू मात्र खांबासारखा उभा राहिलास आणि लांबूनच हात जोडलेस. नीलाआत्या भर मांडवात म्हणाल्या की लातूरच्या क्लासवाल्यांची मान आता वाकत न्हाई. लोक हसले. मी तुझी बाजू घेतली नाही, कारण मलाही तसंच वाटलं. आई गेल्यावर तुला न्हाऊ-माखू घालून शाळेत मी पाठवलं, विसरलास?

वरून कळलं की देविकाला घेऊन जर्मनीला चाललास. फिरा बाबा, नवरा-बायको मिळून. पण परत आल्यावर रीतसर पाया पडायचं असेल तरच माझ्याकडे ये.

लोभ आहेच, सध्या दिसायचा नाही.
सौदामिनी

लातूर, २४ मे २००४

ती. अक्कास,
शिरसाष्टांग नमस्कार. कागदावर साष्टांग घालायला डॉक्टरांची हरकत नाही, म्हणून घालून घेतो.

माझ्या कमरेच्या मणक्यांमधली एक चकती पार झिजली आहे. वाकलो की डाव्या पायात कळ जाते आणि पाय सुन्न पडतो. भूकंपात औशाच्या पुढच्या गावांत दगड उपसायला गेलो होतो, दुखणं तेव्हापासूनचं. वर इतकी वर्षं फळ्यापुढे उभा आहे. मांडवात होतो तोही कमरेला पट्टा आवळून. मी फिरायला जात नाही. तिथे झिजलेली चकती काढून कृत्रिम बसवतात. इथले डॉक्टर म्हणतात, स्क्रूने मणके जोडू. पण मग तेवढी कंबर कायमची ताठ. धोका तिथेही आहे. नस दुखावली तर पाय जाईल.

लातुरात कुणाला सांगितलं नाही. जूनमध्ये प्रवेश. सर आजारी म्हटलं की पालक पोरं उचलून शेजारच्या क्लासला नेतील. परिषदेला जातो, असं सांगून ठेवलंय. पण तू पालक आहेस का गं? काय होतंय, एवढं तरी विचारायचंस. नीलाआत्याचं ऐकलंस, भावाचं पांढरंफटक पडलेलं तोंड दिसलं नाही! मलाही राग येतो, अक्का. शनिवारी पहाटे निघतोय. निरोप द्यायला येऊ नकोस.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
श्रीपाद

लातूर, ३ जून २००४

चि. श्रीपाद,
आशीर्वाद, उशिराचे.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. अंगावरच्या लुगड्यानिशी लातूरची गाडी धरली. तुम्ही गेला होतात. शेजारच्या जगदेवीबाईंकडून किल्ली घेऊन तुझ्याच घरात राहिले आहे.

रोज पालक येतात. नायगावचे एक गृहस्थ विचारत होते, सर परिषदेत एवढे दिवस काय करून राहिले. मी सांगून टाकलं की परिषद-बिरिषद काही नाही, माझ्या भावाच्या पाठीवर शस्त्रक्रिया आहे. तू चिडशील. चीड. काहींनी त्याच दिवशी पोरांची नावं काढली. ते गृहस्थ म्हणाले की आधी सांगायचं होतं, पोराचं बारावीचं वर्ष आहे. मी ओरडले की आणि माझ्या भावाचा पाय? तो विचारलात का? ते खाली मान घालून गेले. मग मी तुझ्या ओट्यावर बसून रडले. मांडवात मी तरी कुठे विचारलं होतं?

माझी चूक ती माझी. पण तुझ्यावरचा राग त्याने कमी होत नाही. पाय सुन्न पडायला लागला तेव्हा मला का नाही बोलावलंस? जर्मनीची वाट सापडली तुला, नांदेडची सापडली नाही.

हे पत्र पोचेल तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. दवाखान्याचा पत्ता आणि नंबर तुझ्या टेबलावर सापडला, पण नंबर फिरवायची छाती होत नाही. पाय हलतो का, ते देविकाला एका ओळीत लिहायला सांग. हलत नसला तरी लिहा. आता लपवाल तर याद राखा.

तुझी,
अक्का