हिरवी गाडी आणि डावी सीट

लिहून ठेवणार : इंद्रसिंग जालमसिंग गिरासे, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार कोरीट, तालुका व जिल्हा नंदुरबार.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने, घराच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. कुणाचा दाब नाही, नशापाणी नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. मन मात्र सकाळपासून धडगावच्या घाटात आहे. कारण कलम तीनमध्ये येईल.

१. राहते घर सामानासह पत्नी सौ. तुळशीबाई हिला तहहयात. तिच्या पश्चात मुलगा राजेंद्र आणि मुलगी यामिनी यांना सारखे. शेतीही दोघांना निम्मी निम्मी. मुलीला जमीन कशाला, असे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर येऊन विचारावे. बँकेतली ठेव तुळशीबाईची. त्यातले कुणाला काय द्यायचे ते तिचे ती बघेल.

२. इंची मापाचे पाने आणि पेचकस नंदुरबारचे रमजान पिंजारी मिस्त्री यांना. आजच्या गाड्यांना ते बसत नाहीत आणि माझ्या गाडीला दुसरे बसत नाहीत. मेहुणा लखन याला काही नाही. त्याने मुलाच्या वरातीला गाडी नेली आणि बँडच्या मागे मुंगीच्या पावलाने चालवली. असली गाडी रेंगाळली की तापते. पाणी उकळले, वाफ नवरदेवाच्या फेट्यात शिरली, आणि लखनने गावभर केले की इंद्रसिंगची गाडी नासकी. माझ्या तेराव्याला त्याने पोटभर जेवावे, गाडीकडे बघू नये.

३. आता गाडी. विलायती, हिरवी, दोन सीटची, वर टप नाही. वयाने माझ्यापेक्षा मोठी. कंपनीचे नाव लिहीत नाही, नाव कळले की मुंबईचे दलाल फोन करून जीव खातात. तळोद्याच्या एका लाकूड ठेकेदाराच्या गोठ्यात ती उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मिरचीचे अख्खे पीक देऊन मी ती आणली. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते एवढेच, “एक चक्कर मार.”

तिचे सुख काय ते कागदावर येत नाही, तरी लिहितो. जमीन ढुंगणाखाली वीतभर अंतरावर पळते. नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारींजवळून गेलो तर डोळ्यांची आग होते, चैत्रात तळोद्याच्या पुढे गेलो तर मोहाचा वास तोंडात येतो. गिअर खाली टाकला की ती जे खाकरते ते ऐकायला मी पेट्रोल जाळत आलो. बंद काचांच्या गाडीत बसलो की मला अजून गुदमरते.

आणि भीती अशी की उतारावर तिचे ब्रेक तापतात. तापले की पाय तळाला जातो आणि ती ऐकत नाही. धडगावहून उतरताना एकदा असेच झाले. थांबायला हवे होते हे वास आला तेव्हाच कळत होते, पण मी आणि थांबणार? गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली म्हणून मी आणि शेजारी बसलेली तुळशीबाई वाचलो. त्या दिवसानंतर ती गाडीच्या डाव्या सीटवर बसली नाही. मी गाडी घेऊन गेलो की ती या ओट्यावर, या खुर्चीत, मी येईपर्यंत बसायची.

राजेंद्र सुरतेला असतो. त्याचे म्हणणे, विकून टाका. यामिनी म्हणते, मला द्या. मी म्हटले, एकटी धडगावला जाऊन ये, मग तुझ्या नावाने लिहितो. आज सकाळी ती गेली. दुपारच्या चहाला येते म्हणाली.

४. चहा झाला. ती आलेली नाही. घाटात फोन लागत नाही. रमजानभाई साक्षीला म्हणून आलेत, ते म्हणतात ब्रेक मी स्वतः बघितलेत, घोर करू नका, आणि तिसऱ्यांदा उठून रस्ता बघून आले. मी तुळशीबाईला विचारले, एवढा वेळ का लागावा? ती ओट्यावर बसून निवांत गहू निवडते आहे. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, “मी कितला वरीस आठे बसनू. आते समजनं का तुमले?”

समजलं. आजवर मला वाटायचे ती ओट्यावर हवा खायला बसते.

५. यामिनी सुखरूप आली तर (पुढचे शब्द मीच खोडले आहेत.) सदर गाडी कुणालाही देऊ नये. तिचे तुकडे करून भंगारात घालावेत. पोरीला तिकडे धाडणाऱ्या म्हाताऱ्याला काय करावे ते तुळशीबाई ठरवेल.

६. कलम पाच रद्द. दिवे लागायच्या आधी गाडीचा आवाज आला. मी पेन टाकून ओट्यावरून खाली उतरलो. पोरगी धुळीने माखलेली. मी ओरडणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “आबा, ब्रेकना वास उना, मंग उभी करी दिन्ही गाडी. थंड व्हवालोंग पुलवर बसनू. म्हनीसन उशीर व्हयना.”

रमजानभाईंनी चाकांना हात लावून पाहिला, चाके तापलेली नव्हती, आणि ते माझ्याकडे बघून हसले.

सबब सदर हिरवी गाडी यामिनीला, पूर्ण मालकीने. माझ्या मरणाची वाट बघू नये, आजपासूनच. राजेंद्रने मन खट्टू करून घेऊ नये.

७. वरचे कलम मी मोठ्याने वाचून दाखवले. तुळशीबाईने गव्हाचे सूप बाजूला ठेवले, पदर खोचला आणि पोरीला म्हणाली, “चाल, माले एक चक्कर मार.” आणि डाव्या सीटवर जाऊन बसली. मी किती वर्षे विनवले होते. मला म्हणाली, “तुम्ही बसा आठे.”

सबब ओट्यावरची खुर्ची मी स्वतःकडे ठेवून घेत आहे. ती कुणाला दिलेली नाही.

खोडाखोड माझीच आहे. मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. सही करतेवेळी बुद्धी ठिकाणावर आहे. त्या दोघी अजून आलेल्या नाहीत.

सही : इंद्रसिंग जालमसिंग गिरासे

साक्षीदार :
१. रमजान पिंजारी, मिस्त्री, नंदुरबार
२. उमाकांत देवरे, निवृत्त शिक्षक, शेजारी, कोरीट

ठिकाण : कोरीट, घराचा ओटा
तारीख : ९ फेब्रुवारी २०२५